गिटारचा सूर: घरी काय करावे, मिस्त्रीकडे काय न्यावे

तारेचा सूर तीन गोष्टींनी ठरतो: तिचा ताण, तिची कंप पावणारी लांबी आणि तिचे वजन. जुळवलेली गिटार थोड्या वेळाने बेसूर होते तेव्हा या तिन्हींपैकी काहीतरी बदललेले असते, आणि बहुतेक वेळा तो ताण असतो. ताण बदलण्याची कारणेही मोजकी आहेत. तार कुठेतरी सैल सुटते, कुठेतरी अडकते, किंवा तिला धरून ठेवणारे लाकूड हलते. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिल्या तारेपर्यंत प्रचलित स्वरांची कंपनसंख्या 82.4, 110, 146.8, 196, 246.9 आणि 329.6 हर्ट्‌झ अशी असते. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की त्या प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. पाच-सहा सेंटांचा फरक तयार कानाला खटकू लागतो, म्हणून अगदी थोडी ढिलाईसुद्धा ऐकू येते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या जिल्ह्यांत या ढिलाईला हवेचीही साथ मिळते. जून 2007 मध्ये चंद्रपुरात पारा 49 अंशांवर गेला होता. मे महिन्यातल्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टमध्ये ती 80 टक्क्यांच्या वर जाते. गिटारच्या लाकडाला मानवते ती 45 ते 55 टक्के आर्द्रता. दुसरी अडचण अंतराची आहे. भामरागडहून चंद्रपूर दीडशे किलोमीटरहून लांब पडते, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. पावसाळ्यात गिटार हमखास बिघडते आणि नेमक्या त्याच महिन्यांत दुरुस्तीवाला हाताशी नसतो.

म्हणून प्रश्न उभा राहतो की घरी किती करावे आणि कारागिरावर किती सोपवावे. यावर दोन मते आहेत आणि दोन्हींमागे अनुभव आहे. एक मत शहरात पेटी, तबला, गिटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे, दुसरे आतल्या तालुक्यात मुलांना गाणी शिकवणाऱ्या शाळामास्तरचे. पुढच्या संवादातले मिस्त्री आणि मास्तर ही त्या दोन भूमिकांची नावे आहेत.

आधी बिघाड ओळखणे

मिस्त्री: "मास्तर, माझ्याकडे गिटार येते तेव्हा ती आधी घरी कोणीतरी उघडलेली असते. नटची खाच करवतीने खोल केलेली, ब्रिज गोंदाने कसाबसा चिकटवलेला. मूळ दुखणे दहा मिनिटांचे असते आणि घरच्या इलाजाने ते दोन दिवसांचे होते. म्हणून मी म्हणतो, हात लावू नका, घेऊन या."

मास्तर: "घेऊन यायला हरकत नाही जी, पण एटापल्लीचा पोरगा एका खुंटीच्या ढिल्या स्क्रूसाठी चंद्रपूरला येईल का? तो येणार नाही. गिटार खोलीत टांगून ठेवेल आणि वर्षभराने वाजवणेच सोडेल. हात लावू नका म्हटल्याने वाद्य वाचत नाही, पडून राहते."

मिस्त्री: "मग निदान कुठे दुखते ते तरी आधी बघा. न बघता पाना चालवू नका."

या मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे, कारण बिघाड ओळखायला कोणतेही महाग साधन लागत नाही. फोनमधले फुकटचे ट्यूनर ॲप शांत खोलीत पुरते. गोंगाटात मात्र क्लिप ट्यूनर बरा, कारण तो आवाज ऐकत नाही, गिटारच्या डोक्याला चिमटा लावून लाकडातली थरथर मोजतो. आधी सहाही तारा नीट लावून गिटार तासभर सावलीत ठेवावी आणि मग पुन्हा तपासावी. सगळ्या तारा एकाच दिशेने सरकल्या असतील तर कारण हवा, उष्णता किंवा लाकूड. एकच तार उतरली असेल तर दोष त्या तारेच्या खुंटीत, गुंडाळीत किंवा खाचेत शोधावा.

एका तारेचा दोष आणखी नेमका पकडता येतो. ती तार बाराव्या फ्रेटजवळ बोटाने आडवी ओढून सोडावी. सूर उतरला, तर नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, आणि खुंटी यांच्यामधल्या तारेच्या तुकड्यावर अंगठ्याने एकदा दाबावे. त्याने सूर जागेवर आला तर तार नटच्या खाचेत अडकत आहे. न आला तर खुंटी किंवा गुंडाळी सरकत आहे. मोकळ्या तारा सुरात असून फक्त कॉर्ड धरल्यावर बेसूर लागत असतील, तर ताणापेक्षा लांबीचा दोष आहे. त्याचा विचार पुढे बाराव्या फ्रेटच्या संदर्भात येईल.

तारा

बेसूर होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जुन्या तारा. घामाने आणि पावसाळी दमटपणाने पोलादी तार गंजते, गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांत मळ भरतो आणि तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही. अशी तार मोकळी सुरात लागते, पण फ्रेट दाबत वर गेले की भरकटते. कोणतेही समायोजन करण्याआधी नव्या तारा घालणे हा नियम कारागीरही पाळतात.

मिस्त्री: "तारा घरी बदला, त्याला माझी ना नाही. पण लोक तार खुंटीवर सात-आठ वेढे गुंडाळतात, तेही एकावर एक. ते वेढे महिनाभर आवळत राहतात आणि सूर रोज उतरतो."

मास्तर: "म्हणून मुलांना मापच शिकवले आहे. तार खुंटीपुढे चार-पाच सेंटीमीटर सोडून मग गुंडाळायची. जाड तारेला दोन-तीन वेढे, बारीकला तीन-चार, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली."

गुंडाळी खाली उतरत गेली की नटवरून तारेला पुरेसा कोन मिळतो आणि ती खाचेत घट्ट बसते. ब्रिजकडच्या टोकाला तारेची गुंडी खुंटीच्या, म्हणजे ब्रिज पिनच्या, खालच्या टोकावर न टेकता आतल्या लाकडी पट्टीला टेकली पाहिजे. त्यासाठी गुंडीजवळ तार किंचित वाकवून आत सोडावी, पिन दाबून धरावी आणि तार वर ओढून गुंडी अडल्याची खात्री करावी. नवी तार लावल्यावर ती बाराव्या फ्रेटजवळ हलकेच वर ओढावी, पुन्हा सुरात लावावी, आणि ओढल्यावर सूर उतरेनासा होईपर्यंत हे करत राहावे. पोलादी तारा एका बैठकीत स्थिर होतात. नायलॉनच्या तारांना काही दिवस द्यावे लागतात आणि त्या काळात सूर उतरणे हा बिघाड नसतो.

एका बाबतीत मिस्त्रींची ताकीद अक्षरशः पाळावी. नायलॉन तारांसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा चढवू नयेत. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण 70 किलोच्या आसपास जातो आणि नायलॉनचा त्याच्या जवळपास निम्मा असतो. त्या जादा ताणाने ब्रिज उखडतो, मान वाकते, आणि मग घरी करण्यासारखे काही उरत नाही.

खुंट्या

गिटारची खुंटी म्हणजे दंडगोल, त्याला जोडलेले दातेरी चाक आणि ते फिरवणारा आटा. साधारणपणे चौदा ते अठरा वेळा बटण फिरवले की दंडगोल एकदा फिरतो. स्वस्त खुंट्यांत चाक आणि आटा यांच्यात थोडी मोकळीक राहते. बटण उलट फिरवताना आधी ती मोकळीक संपते, मग चाक हलते. वरून खाली येऊन स्वरावर थांबले तर मोकळीक तशीच राहते आणि वाजवताना तार ती भरून घेते, म्हणजे उतरते. म्हणून स्वर चढा लागला असेल तर तार मुद्दाम स्वराच्या खाली उतरवावी आणि खालून वर चढत स्वरावर थांबावे. या सवयीला पैसा लागत नाही आणि स्वस्त खुंट्यांच्या गिटारवर तिचा गुण लगेच ऐकू येतो.

मास्तर: "खुंटी डुगडुगते म्हणून लोक नवी खुंटी मागवतात. आधी मागचे बारीक स्क्रू आणि पुढची चकती बघायची, बस्स. पुढच्या चकतीला बहुधा दहा नंबरचा पाना लागतो, तो कोणत्याही सायकल दुकानात मिळतो."

मिस्त्री: "पाना लावा, पण जोर लावू नका. लाकडातला स्क्रू फार आवळला की भोक मोठे होते आणि मग तो कधीच धरत नाही."

हाताने हललेले थांबेल इतपतच आवळावे. बटणाच्या टोकाला स्क्रू असेल तर तो बटणाचा जडपणा ठरवतो. बटण सहज फिरावे पण आपोआप सुटू नये, इतका तो घट्ट असावा. उघड्या दात्यांच्या खुंटीला शिवणमशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने द्यावा आणि जादा तेल पुसून घ्यावे. झाकलेल्या खुंटीत कारखान्यात भरलेले ग्रीस असते, ती उघडू नये. खोबरेल तेल कुठेच वापरू नये. ते कालांतराने चिकट होते आणि धूळ धरून ठेवते.

नट आणि पेन्सिल

बरेच जण खुंटीला दोष देतात तेव्हा खरा अडथळा नटमध्ये असतो. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची किंवा प्लास्टिकची जी आडवी पट्टी असते, तिच्या सहा खाचांतून तारा जातात. खाच तारेला घट्ट बसली की खुंटी फिरते पण तार सरकत नाही. ताण खुंटीच्या बाजूला साठत जातो आणि एकाएकी सुटतो. तेव्हा बारीक "टिक" असा आवाज येतो आणि सूर एकदम वर उडी मारतो. हा आवाज ऐकू आला तर निदान पक्के समजावे. तिसऱ्या तारेवर तो सर्वांत जास्त वेळा येतो.

यावरचा इलाज शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत असतो. तार सैल करून खाचेतून बाजूला उचलावी. जुना दाढीचा ब्रश किंवा तितकाच बारीक कुंचला फिरवून खाचेतला मळ काढावा. मऊ शिशाची, 2बी किंवा 4बी, पेन्सिल टोकदार करून खाचेच्या तळावर आणि दोन्ही भिंतींवर काळी रेघ उमटेपर्यंत घासावी. तार परत बसवून सुरात लावावी. शिशातले ग्रॅफाइट कोरडे वंगण असते, त्याने तार सरकू लागते. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार टेकते ती हाडाची पट्टी, आणि इलेक्ट्रिक गिटारवरचे तारा दाबून ठेवणारे पत्रे यांनाही पेन्सिल चालते.

मिस्त्री: "पेन्सिल कितीही वेळा लावा. पण पेन्सिलने टिक गेली नाही तर पुढे घरी काही करू नका. खाच रुंद करायला लोक कानशी घेतात. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासते, आणि मग नटच बदलावा लागतो."

मास्तर: "मी बारीक पॉलिश पेपर दुमडून एकदोन वेळा फिरवतो. फक्त भिंतींना, तळाला नाही."

मिस्त्री: "तुमचा हात सरावलेला आहे. बारा वर्षांच्या मुलाचा नसतो. त्याला हे शिकवू नका."

इथे मिस्त्रींचे म्हणणे अधिक योग्य आहे. नटची खाच मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाने खोल गेली तरी परिणाम होतो, आणि काढलेले हाड परत येत नाही. नट फार उंच आहे का हे मात्र घरी तपासता येते. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. साध्या कागदाच्या जाडीइतकी फट पुरते. फट खूप मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबताना ती जादा ताणली जाते आणि तिथले कॉर्ड चढे लागतात. ही नोंद करून गिटार कारागिराकडे न्यावी.

हवा, उष्णता आणि लाकूड

लाकूड ओलावा घेते आणि सोडते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत ते रेषांच्या आडवे 5 ते 10 टक्के आकसते आणि रेषांच्या लांबीत 0.1 ते 0.3 टक्केच. आलापल्लीच्या सागवानाचा पट्टा असलेल्या या भागात सुतारांना हे वेगळे सांगावे लागत नाही. अस्सल सागाचा दरवाजासुद्धा श्रावणात चौकटीला घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात सैल होतो. गिटारचा पुढचा पातळ पत्राही असाच फुगतो. दमट हवेत तो वर येतो, ब्रिज उचलला जातो, तारा ताणल्या जाऊन सूर चढतो आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. कोरड्या हवेत पत्रा बसतो, सूर उतरतो, मानेची पट्टी आकसून फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात, आणि कोरडेपणा फार वाढला तर पत्र्याला भेग जाते.

उष्णतेचा परिणाम याहून वेगळा आणि लवकर होणारा आहे. चामड्याचे वाद्य शेकले की त्यातला ओलावा जातो आणि आवाज चढतो, म्हणून ढोल-मांदर वाजवणारे ते विस्तवाजवळ धरतात. पोलादी तार मात्र तापली की लांबते आणि तिचा सूर उतरतो. लाकूड अजून थंड असताना तार 10 अंशांनी तापली तर पहिली तार साधारण 10 ते 15 सेंट उतरते. थंड खोलीतून उन्हातल्या मांडवात आलेली गिटार म्हणूनच पहिल्या गाण्यातच बेसूर होते. हा बिघाड नाही. गिटार पिशवीतून काढून पंधरा-वीस मिनिटे त्या हवेत ठेवावी आणि मग तारा लावाव्यात.

मिस्त्री: "विदर्भातला सगळ्यात मोठा शत्रू कूलर आहे, मास्तर. दिवसभर गिटार कूलरच्या ओल्या झोतात, आणि लाइट गेली की त्याच खोलीत भट्टी. रोज फुगवायचे आणि रोज वाळवायचे. कोणते लाकूड टिकेल?"

मास्तर: "मान्य. कूलरच्या समोरच्या भिंतीवर गिटार टांगायची नाही, हे मी पालकांनाही सांगतो. पण पिशवीत ठेवली तर निम्मे काम होते."

बंद पिशवीतली हवा हळू बदलते, म्हणून टांगण्यापेक्षा पिशवी चांगली. पिशवीत डिजिटल आर्द्रतामापक ठेवला की अंदाजाने वागावे लागत नाही. उन्हाळ्यात आकडा 40 च्या खाली गेला तर प्लास्टिकच्या साबणदाणीला भोके पाडून त्यात पिळून काढलेला ओला स्पंज ठेवावा. ती डबी लाकडाला न लागता पिशवीत, डोक्याच्या बाजूला राहावी आणि स्पंजमधून पाण्याचा थेंबही ठिबकू नये. पावसाळ्यात आकडा 65 च्या वर जाऊ लागला की स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. घरात ओले कपडे वाळत घातले असतील त्या खोलीत गिटार ठेवू नये. टिनाच्या छताखालची माळ्याची जागा आणि उन्हात उभी असलेली गाडी ही ठिकाणे कायमची वर्ज्य. तिथे गोंद मऊ होण्याइतकी उष्णता साठते आणि तारांच्या ताणाखाली ब्रिज सुटू लागतो.

कमी किमतीच्या बऱ्याच गिटारींचा पत्रा प्लायवूडचा असतो. मधल्या भोकाच्या कडेला थर दिसले तर प्लाय, वरच्या रेषा कडेतून सरळ खाली गेल्या तर अखंड लाकूड. प्लाय हवेने कमी हलते. स्वस्त गिटार सुरात राहतच नाही असा जो समज आहे, तो म्हणूनच पुरता खरा नाही. स्वस्त गिटारचा पत्रा बहुधा ठीक असतो, उणीव खुंट्या आणि नट यांत असते, आणि त्यावरचे बरेच इलाज वर आलेच आहेत.

मानेचा बाक

गिटारची मान थोडी आत वाकलेली असावी लागते, नाहीतर कंप पावणारी तार मधल्या फ्रेटना घासते. हा बाक फार वाढला की तारा उंच जातात, दाबताना जादा ताणल्या जातात आणि वरचे स्वर चढे लागतात. मानेच्या आत बसवलेली पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, हा बाक सांभाळते. तिला हात लावावा की नाही, यावर दोघांचा खरा वाद आहे.

मिस्त्री: "ट्रस रॉड घरी फिरवायचा नाही. आटा तुटला तर मान गेली, आणि मान गेली तर गिटार गेली."

मास्तर: "न मोजता फिरवायचा नाही, हे मी मानतो. पण मोजायला काय लागते? गॅरेजवाला व्हॉल्व्हची फट बघतो तेच फिलर गेज. पोरांनी मोजावे, वहीत लिहावे."

मोजण्याची रीत अशी. गिटार सुरात असावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा. सहावी तार मान आणि धड जुळतात त्या, बहुधा चौदाव्या, फ्रेटवर दाबून धरावी. मग सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहावी. फिलर गेजचे 0.15 मिलिमीटरचे पाते तारेला न उचलता सरकले आणि 0.30 चे पाते तारेला उचलू लागले, तर बाक योग्य आहे. फट मोठी असेल तर सळई घड्याळाच्या दिशेने आवळल्यावर ती कमी होते, फट नसेल तर उलट सैल करावी लागते. एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा तारा सुरात लावून एक दिवस थांबावे आणि मग मोजावे, कारण लाकूड सावकाश जागेवर येते.

मिस्त्री: "चावी बरोबर मापाची पाहिजे. 4 मिलिमीटरच्या खोबणीत थोडी बारीक चावी घातली की कोपरे झिजतात आणि मग मलाही काही करता येत नाही. आणि सळई अडली की तिथेच थांबायचे."

मास्तर: "मग असे ठेवू. मोजमाप घरी, दर ऋतूला. पहिल्यांदा फिरवताना तुमच्यासमोर. नंतर अष्टमांश फेरा घरी."

ही तडजोड व्यवहारात टिकणारी आहे. वर्षभराच्या नोंदी हातात असल्या की कोणत्या महिन्यात मान किती हलते हे कळते, आणि पुष्कळदा असे दिसते की ऑगस्टमध्ये सरकलेली मान दिवाळीनंतर आपोआप जागेवर येते. अशा वेळी काहीच न करणे हाच योग्य इलाज असतो.

बारावा फ्रेट आणि ऐकणारा कान

तारेच्या बरोबर मध्यावर बारावा फ्रेट असतो. तिथे तारेला नुसते हलके बोट लावून काढलेला घंटेसारखा स्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर सारखे आले पाहिजेत. नव्या तारांवर दाबलेला स्वर चढा येत असेल तर तारेची लांबी किंचित वाढवावी लागते, म्हणजे सॅडल नटपासून दूर न्यावी लागते. उतरा येत असेल तर जवळ आणावी लागते. इलेक्ट्रिक गिटारवर प्रत्येक तारेच्या सॅडलला स्क्रू असतो, त्यामुळे हे काम घरी पाच मिनिटांत होते. साध्या गिटारची सॅडल पक्की बसवलेली असते, तिला घासणे हे कारागिराचे काम. फरक चार-पाच सेंटांचा असेल तर तो सोडून द्यावा.

एवढे सगळे केल्यावरही गिटार किंचित बेसूर वाटू शकते, आणि त्याचे कारण गिटारमध्ये नसते. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला षड्जापासून 386 सेंटांवरचा शुद्ध गांधार ओळखीचा असतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात, त्यांचा गांधार 400 सेंटांवर येतो. हा 14 सेंटांचा फरक कोणत्याही पान्याने जाणार नाही. पेटीबद्दलचा जुना वाद याच मुद्द्यावर होता. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटी बंद केली आणि ती बंदी 1971 पर्यंत चालली. पेटीच्या विरोधात दिल्या गेलेल्या कारणांत तिचे ठरीव, न हलणारे स्वर हे एक मुख्य कारण होते.

मिस्त्री: "म्हणून काही वादक एक कॉर्ड कानाला गोड लागेपर्यंत तार सरकवतात. तो कॉर्ड गोड होतो, बाकीचे बिघडतात."

मास्तर: "पाचव्या आणि सातव्या फ्रेटच्या घंटास्वरांवरून तारा जुळवायची रीतही तशीच फसवते. प्रत्येक जोडीत दोन सेंट कमी पडतात. सहावीपासून तिसरीपर्यंत येईस्तोवर सहा सेंट."

दोघांचाही सल्ला एकच आहे: सहाही मोकळ्या तारा ट्यूनरवर स्वतंत्रपणे लावाव्यात आणि शेवटी दोन-तीन कॉर्ड वाजवून खात्री करावी. शुद्ध स्वरांचे गाणे साथीला असेल तर गिटारवाल्याने गांधार असलेले पूर्ण कॉर्ड टाळून षड्ज-पंचमाची जोडी वाजवावी. पंचमातला फरक दोनच सेंटांचा असतो आणि तो गायकाला खटकत नाही.

सीमारेषा

घर आणि दुकान यांच्यातली सीमा कामाच्या अवघडपणावरून आखली तर वाद संपत नाही, कारण एकाला अवघड ते दुसऱ्याला सोपे असते. ती परत फिरवता येण्यावरून आखली तर दोन्ही मते जुळतात. तार, स्क्रू, पेन्सिलचे शिसे, पिशवीतला स्पंज, मोजून फिरवलेला अष्टमांश फेरा ही सगळी कामे चुकली तरी पूर्ववत करता येतात. ती घरी करावीत. नटची खाच कोरणे, सॅडल घासणे, फ्रेट समतल करणे, सुटलेला ब्रिज चिकटवणे, भेग भरणे यांत लाकूड किंवा हाड निघून जाते अथवा गोंद कायमचा बसतो. ती कामे कारागिराची.

महाराष्ट्राच्या वाद्यपरंपरेत ही वाटणी नवी नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या परंपरेतला सतारिया तार स्वतः बदलतो, रागाप्रमाणे पडदे सरकवतो, मणी हलवून सूर बारीक करतो. जवारी मात्र, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाजाला झार आणण्याचे काम, कसलेल्या कारागिराच्या हातीच दिली जाते. वादकाने आपले वाद्य ओळखावे आणि कारागिराने त्याचे हाड-लाकूड सांभाळावे, ही शिस्त गिटारलाही तितकीच लागू पडते.

घरच्या कामांसाठी लागणारी साधने थोडी आहेत: क्लिप ट्यूनर, तार गुंडाळायचा वाइंडर, छोटा स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, योग्य मापाची ॲलन की, पक्कड, फिलर गेज, डिजिटल आर्द्रतामापक, मऊ पेन्सिल आणि सुती फडके. यांतली निम्मी घरात किंवा शेजारच्या गॅरेजात असतात. उरलेली विकत घेतली तर एकूण खर्च साधारण हजार-दीड हजार रुपयांत बसतो. एखाद्या शाळेने किंवा भजनी मंडळाने एकच संच घेतला तर तो दहा-बारा गिटारींना पुरतो.

वेळापत्रकही लहान आहे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. महिन्यातून एकदा खुंट्यांचे स्क्रू हाताने तपासावेत. नव्या तारा घालताना प्रत्येक वेळी नटमध्ये पेन्सिल फिरवावी. होळीनंतर स्पंज, मृगाच्या पावसाबरोबर सिलिका जेल, आणि या दोन्ही वेळी तसेच दिवाळीनंतर मानेचे माप वहीत लिहावे. ती वही गिटारबरोबर कारागिराकडे गेली की त्याचे निदान जलद होते, आणि गावाबाहेर पडण्याची वेळ खऱ्या दुरुस्तीसाठीच येते.